ठेंगणं टेबल

३ फेब्रुवारी

आणलं एकदाचं! दातांच्या दवाखान्यातलं अवजारांचं कपाट. डॉक्टरीणबाई ते भंगारात काढणार होत्या. मी काउंटरमागून उठून म्हटलं, मला द्या. "तू काय करणार गं त्याचं?" मी नुसतं हसले. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढताना हमालांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बाबा कॉटवर बसून बघत होते. घोट्याला पट्टी, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. "गंजलंय," म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि वास येतोय." येतो खरा. लवंगेच्या तेलाचा. दाढ काढायला बसल्यासारखं वाटतं खोलीत.

आई गेल्यापासून बाबा त्यांच्या भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. न्हाणीत पाय घसरला, आणि दुसऱ्याच दिवशी फोन— "येतोय. पाय बरा होईपर्यंत." एक पिशवी घेऊन लंगडत आले. आता पाय बरा झाला की दादा त्यांना घेऊन जाणार म्हणतो. त्याच्याकडे त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे, एसी आहे. बाबा म्हणतात, मी कुणाकडे जात नाही, माझी खोली बरी. आणि माझ्याकडे? दीड खोली आणि लोकांनी टाकलेलं सामान.

पण मला बाबा इथे हवेत. या घरात संध्याकाळी माझ्याशी कुणी भांडलंसुद्धा नव्हतं. लिहून टाकलं. तोंडाने म्हणवत नाही.

४ फेब्रुवारी

गंज घासून घासून हात भरून आलेत. उद्या प्रायमर.

८ फेब्रुवारी

कपाट तयार! निळं. रंगवाल्याकडे कुणीतरी परत केलेला अर्धा डबा होता, म्हणून निळं. नाहीतर मला हिरवं हवं होतं. आतल्या कप्प्यांना जुन्या कॅलेंडरची पानं लावली, कोरी बाजू वर. लवंगेच्या वासावर उपाय म्हणून चहाची पावडर वाटीत घालून ठेवली आहे. आता कपाटाला लवंगेच्या चहाचा वास येतो.

बाबांना म्हटलं, कपडे लावा ना यात. "कशाला? दोन दिवसांचा पाहुणा मी. पिशवीत बरे आहेत." आणि पिशवी पायाशी ओढून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन एक भांडं दोनदा घासलं.

११ फेब्रुवारी

जुन्या सामानवाल्याकडे जेवणाचं टेबल मिळालं. सागवानी, म्हणतो तो. सागवानी नाही हे मलाही कळतं आणि त्यालाही, पण तेवढं म्हणायला त्याला आवडतं. चारातला एक पाय खालून ओलीने कुजलाय. "ताई, बोटभर कापा चारही, काही कळणार नाही."

मनात आलं— दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. सध्या बाबा कॉटवर ताट घेऊन आणि मी ओट्याला टेकून उभी. असं पाहुण्यालाच वाढतात. टेबल झालं की घर झाल्यासारखं वाटेल, मग विचारीन.

टेबल बघून बाबा पहिल्यांदा आपणहून उठले. पिशवीतून टेप काढली, शिंप्याचा खडू काढला. चाळीस वर्षं शर्ट शिवले. लाकडाचंही गिऱ्हाइकासारखंच माप घेतलं. टेबल आडवं पाडून चारही पायांवर रेघा मारून दिल्या. "उद्या काप. आज अंधार पडलाय, हात चुकेल."

१२ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं.

बाबांनी प्रत्येक पायावर दोन रेघा मारलेल्या. एक शिलाईची, एक कापायची! पुढे लागलं तर सोडायला कापड हवं, म्हणून शिंपी दीड बोट जागा ठेवतो. लाकडात कसली जागा ठेवणार? पण ते चाळीस वर्षांचं वळण. आणि मी विचारलं नाही, ते सांगायचे राहिले. बाबा आंघोळीला गेले आणि मी करवत घेतली.

टेबल आडवंच होतं. दोन पाय उजव्या रेघेवर कापले. मग पलीकडून बसून दुसरे दोन, तेही उजव्या रेघेवर. पलीकडे गेलं की उजवं डावं होतं, हे पहिलीतल्या पोराला कळतं. मला टेबल उभं केल्यावर कळलं. घसरगुंडी!

बाबा टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर आले. बघितलं. "गिऱ्हाईक लंगडं निघालं," म्हणाले.

मग लांब राहिलेले दोन पाय कापून बरोबर केले. डगमगतंय. एक जरा घासला. डगमगतंय. दुसरा कापला. आता दुसऱ्या बाजूला डगमगायला लागलं. बाबा टेप लावून ओरडायचे, मी कापायची, बाबा पुन्हा टेप लावायचे. दुपारपर्यंत टेबल माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि खोलीभर भुसा.

खालच्या मजल्यावरच्या काकू करवतीच्या आवाजाने वर आल्या. दारातच थबकल्या. "अगं, टेबलाला काय बोल लावतेस, फरशीच वरखाली आहे तुमची. आमच्याकडे बादली लवंडली की पाणी मधोमध तळं करून बसतं." टेबल भिंतीकडे सरकवून बघितलं. ठणठणीत. हललं नाही.

म्हणजे एवढं कापलं ते उगाच. मी भुशातच बसले आणि रडले. टेबलासाठी नाही, ते काकूंनाही कळलं असावं, कारण त्या सरळ चहा ठेवायला गेल्या.

१३ फेब्रुवारी

काल रडण्याच्या नादात पुढचं लिहायचं राहिलं.

मी डोळे पुसत होते आणि बाबा भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. मांडी घालता येत नाही अजून, दुखरा पाय लांब केलेला. टेबलावरून दोन्ही तळहात फिरवले. कोपर टेकवून बघितलं. "बरोब्बर," म्हणाले. "कापड बेतायला हीच उंची लागते. दुकानातला पाट असाच होता. खुर्चीत बसून मला कधी बेतता आलं नाही."

मग, "जुना पडदा आहे का एखादा?"

होता. त्यांनी तो पसरला, खडूने रेघा मारल्या (दोन-दोन!) आणि पिशवीतून कात्री काढली. संध्याकाळी माझ्या दोन भंगारातल्या खुर्च्यांना अभ्रे. हाताने शिवलेले, टाका बघून घ्यावा. मला वाटलं होतं बाबा बसून बसून खचलेत. त्यांना बसायला हवी तशी जागाच नव्हती इतकंच.

रात्री त्याच टेबलाशी जमिनीवर बसून जेवलो. भाजीत मीठ कमी आहे म्हणून ऐकून घेतलं. फार बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

टेबलाला पॉलिश. कडा गोल केल्या, म्हणजे बाबांच्या गुडघ्याला लागायला नकोत. काकू पोलकं घेऊन आल्या, बगलेत सैल करायला. "तुझे बाबा आहेत ना अजून?" आहेत ना अजून! लोक सहज बोलतात.

१९ फेब्रुवारी

दादाचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतो. "तुझी धावपळ होते गं, नोकरी सांभाळून. मी बाबांशी बोलतो." दादा वाईट नाही. त्याचं बरोबरच आहे, म्हणून तर काही सुचेना. मी म्हटलं, ये.

फोन ठेवला तेव्हा बाबा सुईत दोरा ओवत होते. दोरा काही जाईना. मी ओवून दिला. 

काकूंना जिन्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू त्यांना राहा म्हणालीस का?" मी म्हटलं, नाही. "मग त्यांना कसं कळणार?" मला राग आला. माणसाला कपाट रंगवून दिलं, टेबल केलं, हे काय शेजाऱ्यांसाठी केलं? वर आल्यावर वाटलं, सामान मांडलं पण मी बोलले काहीच नाही, हे खरं. बाबा नाही म्हणाले तर? एसीपुढे माझं लवंगेचं निळं कपाट काय टिकणार?

उद्या विचारीन.

२० फेब्रुवारी

विचारलं नाही. स्टूल रंगवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. चप्पल काढतोय तोवरच मी बोलून टाकलं, त्याच्यासमोर— "बाबा, तुम्ही इथेच राहा. मला हवे आहात."

बाबांनी कापडावरून मान वर केली नाही. "खोली मी इथे यायच्या दिवशीच सोडली. सामान वाटून टाकलं, चावी मालकाच्या हातात दिली. तू राहा म्हणतेस का, तेवढं बघत होतो."