बेअरिंग, मंद आचेवर

नोगोया,
९ डिसेंबर १९८७

ती. ओर्फेओमामांस,
देल्मीराचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण हात सतत काळे असतात. आई म्हणते, अशा हातांनी लिहिलेलं पत्र तुझा मामा वाचायचा नाही, हुंगत बसेल.

तुम्ही दिलेलं टेबलावरचं मिलिंग मशीन गॅरेजमध्ये खिडकीखाली बसवलंय. दिसतं झकास. अडचण फक्त चालू केल्यावर येते. सुरुवातीला गाभण गायीसारखं कण्हतं आणि पंधरा मिनिटांनी शिट्टी मारायला लागतं. आईची दुपारची झोप गेली. समोरचा सोइलोकाका तर दोनदा विचारून गेला, पोरी, घरात कोणाला त्रास होतोय का. पातं फिरवणारं स्पिंडल हाताने ढकललं तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं हलतं. कापलेल्या पितळेवर अशा लाटा उठतात की वर होडी सोडावी.

एरवी मी हसले असते, मामा, पण आता हसायची सोय नाही. मला पहिलं खरं काम मिळालंय. बेकरीवाल्या नाझारेनो गिएकोंच्या कणीक मळायच्या यंत्राचा गिअर मोडला. वाटीएवढा, एकवीस दातांचा. नाताळचा गोड पाव, पान दुल्से, मळायच्या आधी हवाय. आईने तहनामा केलाय, की राजांच्या दिवसापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, या गॅरेजमधून एक तरी धड काम बाहेर गेलं आणि गिऱ्हाईक भांडायला परत आलं नाही, तर वर्कशॉप राहील. नाहीतर सात तारखेला इस्त्रीचा ब्लाउज घालून मी नोटरी रेबोरांच्या कचेरीत. अकरा वर्षं तिथे लोकांच्या घरांची खरेदीखतं टाइप केली. त्यांनी माझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीय, उशीसकट. ती उशी माझ्या स्वप्नात येते.

काय करू ते कळवा. लोभ आहेच, सल्लाही असावा.

आपली,
देल्मीरा


रोसारिओ,
१२ डिसेंबर १९८७

चि. देल्मीरास,
ओर्फेओमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हुंगलं. ग्रीस हलक्या प्रतीचं आहे, बदल.

आधी गाय आणि मग शिट्टी, म्हणजे स्पिंडलची दोन्ही बेअरिंगं गेली. यासाठी मला तिथे यायची गरज नाही. मी रेल्वेच्या यार्डात झाडू मारायचो तेव्हा तीन रुळांपलीकडून सांगायचो, कुठल्या डब्याचा आस कोरडा आहे. साहेब लोक हसायचे. मग डबा थांबायचा आणि साहेब लोकही थांबायचे.

नवी जोडी नोगोयाच्या बसवाल्या ड्रायव्हरकडे दिली आहे. माणूस बोलघेवडा आहे, पण वस्तू पोचवतो. आता ऐक. जुनी बेअरिंगं पुलरने काढ. हातोडा कपाटात ठेव आणि किल्ली आईकडे दे. नवी बसवताना ती गरम कर, म्हणजे रिंग जराशी फुलते आणि स्पिंडलवर आपसूक उतरते. गरम म्हणजे किती? हात लागला तर तू शिवी देशील, पण थुंकी टाकली तर ती उडू नये. मंद आचेवर वीस मिनिटं. जास्त नको, आत छर्रे धरणारा पिंजरा प्लास्टिकचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक बेअरिंगची एक कड जाड असते, एक बारीक. जाड कडेसमोर जाड कड आली पाहिजे. पाठीला पाठ, चर्चमध्ये भांडलेल्या म्हाताऱ्या बसतात तशी. उलटं बसवलंस तर मशीन जन्मभर कण्हेल. गाढवंच अशी चूक करतात.

घाबरू नकोस. कारखान्यातून निघाल्यापासून त्या मशीनला कोणाचा हात लागलेला नाही, त्यामुळे आत सगळं जागच्या जागी सापडेल. आईला नमस्कार आणि कानात घालायला कापूस.

मामाची आठवण काम झाल्यावरही ठेवावी.

तुझा,
ओर्फेओमामा


नोगोया,
२१ डिसेंबर १९८७

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बेअरिंगं मिळाली. ड्रायव्हरने सोबत तुमच्या सांधेदुखीचीही बातमी दिली, जी तुम्ही आम्हाला दिली नव्हती.

स्पिंडल खोललं. कोणाचाही हात न लागलेल्या त्या मशीनमध्ये वरचं बेअरिंग उलटं बसवलेलं निघालं. खाली सैल पडतं म्हणून पत्र्याची एक पट्टीही सारली होती. पट्टी सार्डिनच्या डब्याची, वर छापलेल्या माशाचा डोळा अजून शाबूत. कारखान्यात त्या दिवशी जेवणाची सुट्टी असावी. तुम्हाला काही कल्पना असली तर कळवा, मी काही म्हणत नाही.

आता वाईट बातमी. बसून वाचा.

आईने तिचा ओव्हन द्यायला नकार दिला. म्हणाली, ज्या ओव्हनमध्ये माझा केक होतो तिथे तुझी लोखंडं शिरणार नाहीत. म्हणून रविवारी नाझारेनोंकडे गेले. तुम्हाला ठाऊकच आहे, रविवारी पाव निघाला की अर्धं गाव आपापले ट्रे त्यांच्या भट्टीत लावतं, कुणाची कोंबडी, कुणाचं डुकराचं पिल्लू, ट्रेला नावाची चिठ्ठी. मीही बेअरिंगं ट्रेत ठेवली, पीठ उडू नये म्हणून वरून चांदीचा कागद घट्ट लावला आणि आमच्या आडनावाची चिठ्ठी डकवली, 'पास्कुत्ती, दाराजवळ, मंद आच, वीस मिनिटं'. नाझारेनो तेव्हा मागे लाकडं आणायला गेले होते. मी तेवढ्यात स्पिंडल पुसून येते म्हणून घरी आले.

माणूस सज्जन आहे मामा, तिथेच घात झाला. मंद आच म्हणजे मांस जून असणार असं त्यांनी ठरवलं. वीस मिनिटांत जून मांस कसं शिजेल म्हणून ट्रे आत सरकवला आणि दोन तास ठेवला. चष्म्यावर पीठ. दर अर्ध्या तासाला सगळ्या ट्रेंवर लसूण-लिंबाचा चिमिचुर्री ओततात, तसा माझ्याही ट्रेवर कागदाचा कोपरा उचलून ओतला. तेव्हा त्यांना वाटलं, मांस नाही, भरलेले कांदे आहेत. मी पोचले तेव्हा काटा टोचून बघत होते आणि बाजूच्या बाईंना सांगत होते, की पास्कुत्तींकडे कांदा फार कोवळा घेत नाहीत. कांदे एकटे दिसतील म्हणून त्यांनी पदरचे चार बटाटेही घातले होते.

पिंजरे वितळले. छर्रे चिमिचुर्रीत पोहत होते. बटाटे उत्तम झाले, आईने तीन खाल्ले.

नाझारेनोंना काय झालं ते समजलं तेव्हा त्यांनी टोपी काढून छातीशी धरली, गमीला आल्यासारखी. आता नाताळचा पान दुल्से हातानेच मळायचा, आणि अर्धं पीठ मी मळतेय. गिअर चार जानेवारीला संध्याकाळी बसला, तरच त्यांची राजांच्या दिवसाची रोस्का, चेरी लावलेलं ते गोड पावाचं कडं, वेळेवर होईल. दीडशे रोस्का. त्या हाताने होणार नाहीत असं ते स्वच्छ म्हणाले. तोवर नाही जमलं तर पारानाच्या वर्कशॉपला काम देतील. रागाने नाही, डोळ्यांत पाणी आणून देतील. ते जास्त वाईट.

 काल आईने माझा पांढरा ब्लाउज धुवून वाळत घातला.

दुसरी जोडी मिळेल का? लोभ नेहमीचाच, घाई मात्र नेहमीची नाही.

आपली,
देल्मीरा


रोसारिओ,
२६ डिसेंबर १९८७

चि. देल्मीरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तुझी मामी इतकी हसली की तिची कवळी पाहुण्यांसमोर बाहेर आली. मी हसलो नाही. माशाच्या डोळ्यापाशी थांबलो.

ते गाढव मी आहे. एक्याऐंशी साली मशीन कण्हायला लागलं म्हणून मी बेअरिंगं बदलली. तेव्हा पाठीला पाठ वगैरे काही माहीत नव्हतं. उलटं बसवलं, सैल लागलं, पट्टी सारली. नंतर एका पुस्तकातलं चित्र बघून चूक कळली, पण तोवर माझ्या वर्कशॉपात छत्तीस माणसं हाताखाली शिकत होती. त्यांच्यासमोर मशीन पुन्हा उघडायची लाज वाटली. मग मी सगळ्यांना सांगत सुटलो, या जातीचं मशीन कण्हतंच. हे तीन रुळांपलीकडून ऐकणाऱ्याने सांगितलं. सप्टेंबरात तुला दिलं तेव्हा प्रेम होतं, ते खोटं नाही. पण ते दाराबाहेर गेल्यावर मला बरंही वाटलं.

रोसारिओची बेअरिंगची दुकानं पाच जानेवारीपर्यंत बंद आहेत. सोबत पाठवतोय ती जोडी मी ब्याऐंशी साली चूक सुधारायला आणली होती. कागदसुद्धा सोडलेला नाही. पिंजरा पितळेचा आहे, तरी त्या देवमाणसाच्या भट्टीत जाऊ देऊ नकोस. आच नकोच. स्पिंडल रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेव आणि बेअरिंगं भर दुपारी पत्र्याच्या छपरावर. जानेवारीचं भर उन्हाळ्यातलं ऊन फुकट असतं आणि त्यावर कोणी मसाला ओतत नाही.

ही चूक आईला सांगितलीस तरी चालेल. ती आयुष्यभर वापरेल, पण चालेल.

लोभात आता थोडी दयाही मिसळावी.

तुझा,
ओर्फेओमामा


नोगोया,
३ जानेवारी १९८८

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. बसलं.

स्पिंडल नववर्षाच्या उरलेल्या जेवणाशेजारी गारठत ठेवलं होतं. बेअरिंगं छपरावर तापत होती आणि शेजारी शिडीवर आई छत्री धरून बसली होती, एका कबुतरावर तिचा विश्वास नव्हता म्हणून. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं.  तशी ती म्हणाली, "ज्याला छत्तीस वर्कर घाबरायचे तो एका सार्डिनच्या डब्याला घाबरला. आण इकडे ती बेअरिंगं, मी देते हातात."

तिनेच ओव्हनचे हातमोजे घालून दिली, देताना दरवेळी जाड कड कुठे ते बोट लावून विचारत. स्पिंडल काढलं तेव्हा धूर निघत होता गारठ्याचा. पहिलं बेअरिंग सरकन उतरलं आणि तळाशी टक् झालं. दुसरंही. हातोडा तिच्याच कपाटात आहे.

मशीन चालू केलं आणि आम्ही दोघी बघत राहिलो. चालूय की नाही कळेना, शेवटी आईने फिरत्या स्पिंडलवर कागदाची चिठ्ठी धरून खात्री केली. सोइलोकाका रस्ता ओलांडून विचारायला आला, सुटका झाली का, मुलगा की मुलगी.

आज रात्रीपर्यंत सतरा दात पाडून झालेत. चार राहिलेत. पुढचं आई लिहीन म्हणतेय.

लोभ वाढवावा, मी मशीनकडे जाते.

आपली,
देल्मीरा


नोगोया,
७ जानेवारी १९८८

चि. ओर्फेओस,
एर्सीलियाताईचा आशीर्वाद. वि. वि.

गुडघा सांभाळ. ड्रायव्हर म्हणाला, लंगडतोस.

गिअर चार तारखेला संध्याकाळी बसला. नाझारेनोने यंत्र चालू केलं, कान लावला आणि म्हणाला चालत नाही. आत बघितलं तर पीठ मळून होत आलं होतं. दीडशे रोस्का झाल्या. एकीत त्याने तुझ्या भाचीसाठी जास्तीची चेरी लावली, वर कागद न लावता पाठवली. म्हणाला, पुन्हा कागद नको बाई, मला भीती बसली आहे.

मी सहा तारखेपर्यंत वाट बघितली. भांडायला कोणी आलं नाही. उलट तिघं काम घेऊन आले. एकाचा पाण्याचा पंप, एकाचं शिलाई मशीन आणि सोइलोचं काय ते मलाही कळलं नाही. मी दाराशी खुर्ची टाकून नावं लिहून घेते. मुलगी स्वतः लिहायला लागली तर सगळ्यांना उद्या या म्हणेल, मग सगळे एकाच दिवशी येतील.

आज सात तारीख. सकाळी दहाला नोटरी रेबोरा स्वतः आले, टाय लावून. मला वाटलं, पोरगी वेळेवर आली नाही म्हणून न्यायला आले. मी बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी बगलेतून कागदावर ठसा उठवायचं ते लोखंडी दाबयंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. त्याची दांडी निसटली आहे आणि त्याच्याविना गावात एकही घर विकलं जात नाही. देल्मीरा आत आहे का, लगेच होईल का, असं हळू आवाजात विचारलं.

मी सांगितलं, "आहे, पण कामात आहे. तुमचा नंबर चौथा." आणि त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून म्हटलं, कचेरीत ती एक खुर्ची रिकामी आहे ना, ती आणा.

ते आणायला गेले आहेत.

तू आमच्यावर लोभ ठेवतोसच. आता येऊन एकदा मशीन ऐकून जा, काहीच ऐकू येणार नाही.

तुझी,
एर्सीलियाताई