पुढची चाकं

अमरावती,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. मोनाली,

दादाचे आशीर्वाद. विपुलरावांना नमस्कार सांग, आणि अपेक्षाला म्हणावं, मामाने पाठवलेलं पुस्तक नुसतं कपाटात ठेवू नकोस.

पत्र बघून तू हसशील. सकाळीच तर आपण फोनवर बोललो. पण त्या बोलण्यात मी संत्र्याच्या आंबिया बहराची गळ, तुझ्या रागिणीवहिनीची पाठदुखी आणि अकोल्याचं ऊन एवढंच बोललो. आठवडाभर हेच चाललंय. फोन हातात आला की मी गोड होतो आणि मुद्द्याच्या आसपास फिरत राहतो. म्हणून लिहायला बसलो.

आई बरी आहे. बाबांचा गुडघा दसऱ्यापासून धरला आहे, चिखलात पाय वाकडा पडला त्याचं ते. शेक चालू आहे. आणि जीपचं तुला कळलंच असेल. बार्शीटाकळीच्या चंदनरावांना बाबांनी ती विकायचा होकार दिला. ते धनतेरसेला येऊन गाडी घेऊन जाणार, पांढरा रंग देणार आणि लग्नात नवरदेव मिरवायला ठेवणार.

तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "दादा, माहाच हात गेला. मी आता स्टेरिंगले हात नाई लावत." मी म्हणालो, असं नको म्हणू. तेवढंच म्हणालो. खरं म्हणजे मला बरंच काही म्हणायचं होतं, आणि बरंच काही म्हणायचं नव्हतं.

तुला माहीत आहे, बाबांनी गाव आणि अंजनगावचा बाजार एवढ्यापुरतं फिरणं ठेवल्यापासून जीप माझ्याकडे आहे. इथे अमरावतीला, अंगणातल्या टिनाच्या छपराखाली. रविवारी लोक सिनेमाला जातात, मी तिच्याखाली जातो. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, ब्रेकचं गळणं, पावसाळ्यात बॅटरी काढून घरात. गेल्या वर्षी उंदरांनी वायरी खाल्ल्या तेव्हा दिवाळीची सुट्टी तिच्यातच गेली. स्टेअरिंगचा डबा मी अकोल्याच्या भंगारात शोधला. तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर होतो, आणि तुझ्याकडे न येता परत आलो. कामाची घाई होती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

आणि दसऱ्याला मी ती गावी नेतो, तू येतेस. पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं की बाबा किल्ली तुझ्या हातात देतात. "चाल माय." सीमेवरच्या आपट्यापर्यंत गाडी तू न्यायची आणि सोनं घेऊन यायचं, हे आपल्या घरात कधी ठरलं कोण जाणे. बहुधा मी कॉलेजसाठी अमरावतीच्या होस्टेलवर होतो त्या उन्हाळ्यात. बाबांनी तुला वखरलेल्या वावरात जीप शिकवली. मी पुढे शिकलो ते ड्रायव्हिंग क्लासात, लाल पाटी लावलेल्या गाडीवर.

माझ्या शेजारी बसले की बाबा रस्त्याकडे बघतात. तुझ्या शेजारी बसले की तुझ्या हाताकडे बघतात. मी मागच्या बाकड्यावरून हे दरवर्षी पाहतो. यंदा तर पूजेच्या वेळी बॉनेटला कुंकू लावता लावता आई म्हणाली, "जीप राह्यते जीवनकडे, पण आयकते मोनालीचं." सगळे हसले. मीही हसलो. तू हसता हसता माझ्याकडे पाहिलंस, तेही मला आवडलं नाही.

मग शेतांमधली ती पांदणवाट. परतीच्या पावसाने काळी माती कशी झाली होती ते तुला सांगायला नको. नाल्याजवळ मागची चाकं बसली. बाबा निवांत होते. असल्या चिखलातून ही गाडी तू किती वेळा काढली आहेस, पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा टाकला की झालं.

"दांडा टाकला का माय?"

"टाकला ना बाबा."

"मंग ओढून काहून नाई राहिली?"

तू दांडा काढून पुन्हा टाकलास. मागची चाकं माती उडवत राहिली, पुढची ढिम्म. तुझ्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. आई म्हणाली, जीवन, काई कर ना. मी गावातल्या सहदेवला ट्रॅक्टर घेऊन यायला फोन केला. बाबा खाली उतरले, तेव्हाच पाय वाकडा पडला. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "थकली बिचारी. जाऊ द्या आता हिले." मांडीवर झेंडूची माळ घेऊन मी बसून होतो.

मोनाली, गाडी थकलेली नाही. तुझा हातही गेलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी, डिझेल कमी लागावं म्हणून, मी पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हाताने फिरवायच्या चकत्या बसवल्या. त्या मोकळ्या असल्या की पुढची चाकं नुसती गडगडतात, इंजिनाचा जोर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. चिखलात शिरण्याआधी खाली उतरून दोन्ही फिरवून बंद कराव्या लागतात. मगच दांड्याला अर्थ. तू शिकलीस तेव्हा नुसता दांडा पुरायचा. बदल मी केला आणि कुणाला सांगितला नाही. गेल्या दसऱ्याला पांदण कोरडी होती, त्यामुळे कळलंही नाही. बाबांनी कधी विचारलं नाही, असं मी म्हणू शकतो. पण नाल्याजवळ तू विचारत होतीस. तोंडाने नाही, पण त्या दांड्याने पुन्हा पुन्हा विचारत होतीस.

आठवत नव्हतं असं लिहावं, हा विचार मनात येऊन गेला. पण मला आठवत होतं. पहिल्यांदा चाक फिरलं तेव्हाच आठवलं. एकदा तरी तुझं तिने ऐकू नये, एवढंच हवं होतं. गाडी विकण्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. आणि तू स्टेअरिंग सोडशील असं तर नाहीच.

रविवारी गावी जाऊन बाबांना सांगितलं. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. चकत्या कशा असतात तेही विचारलं, त्यात त्यांना रसच वाटला. मग म्हणाले, "मंग तू खाली काहून नाई उतरला?"

मी त्यांच्या गुडघ्यावरची शेकाची पिशवी नीट केली. मी म्हणालो, आता तरी चंदनरावांना नाही कळवा. त्यावर म्हणाले, "गाडीचं काई नाई. पोरगी भेली ना माही. तिले सांग. ती बसली तं गाडी राहीन, नाई तं चंदन घेऊन जाईन."

काय लिहू. तेव्हाही मला हेवाच वाटला. इतकी वर्षं मी सांभाळलेली गाडी राहायची की जायची, ते तुझ्या बसण्यावर. घरी येताना परतवाड्याच्या फाट्यापर्यंत मी हेच घोकत होतो. मग ध्यानात आलं, तू आली नाहीस तर माझ्या टिनाखाली नुसता तेलाचा डाग राहील, आणि त्याचा हेवा कुणीच करणार नाही.

म्हणून, धनतेरसेच्या आधी ये. जमलं तर या रविवारीच. पांदणीतली माती अजून ओली आहे, मी पायाने दाबून पाहिली. बाबांना पुढे बसवू. किल्ली तुझ्याकडेच राहील. माझा चेहरा मात्र कदाचित चांगला नसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

नाल्याच्या अलीकडे फक्त थांब. मी उतरेन. डावी चकती सहज फिरते, ती तुलाही जमेल, शिकून घे. उजवी कडक आहे. तिला माझाच हात लागतो.

तुझा,
जीवनदादा