नऊ वाजून नऊ मिनिटांचं कुलूप

सोमवार, ३ नोव्हेंबर २५६८

नवी वही, नवं काम. वर्ष मी आपलंच लिहितो, बुद्धाचं. ऑफिसात काही शहाणे हल्ली २०२५ लिहायला लागलेत. त्यांचं त्यांना लखलाभ. थायलंडात, खोन काएनमध्ये जन्मलेल्या माणसाला पाचशे त्रेचाळीस वर्षं मागे जाऊन राहायची हौस कशाला?

काम असं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलची नवी इमारत १ डिसेंबरला उघडणार. औषधाच्या खिडकीवर चालणारा प्रोग्रॅम आमचा. पेशंटचं नाव, आजार, ओळख क्रमांक, सगळं कुलूपबंद राहायला हवं, म्हणून परदेशातून एक एन्क्रिप्शन लायब्ररी, म्हणजे माहितीला कुलूप घालणारा तयार कोड, घेतलीय. प्रोग्रॅम चालू केला की सगळ्यात आधी ही लायब्ररी सुरू व्हावी लागते. ती नाही, तर पुढे काहीच नाही. तेवढं जोडून द्यायचं. दोन दिवसांचं काम. मी साहेबांना एक दिवस सांगितला.

साहेब म्हणजे आमचे खुन, म्हणजे श्रीयुत, अदिसोर्न. सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याच्या हातून हे सुरू होईल त्यानेच जानेवारीपासून विभाग सांभाळावा. बोलताना माझ्याकडे बघत होते. विभागातल्या ऑयकडेही बघितलं, पण ती खिडकीशी बसते. उजेडाकडे कोणीही बघतं.

बावीस वर्षं इथे काढली. तीन जणांना माझ्या डोळ्यांदेखत प्रमुख होताना पाहिलं आणि तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. आता माझ्यासाठी वाजू देत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी विहारात गेलो, भन्तेंकडून मुहूर्त आणला. नऊ वाजून नऊ मिनिटं. हॉस्पिटलचं मशीन बाहेरच्या इंटरनेटला जोडायचं नाही असा हॉस्पिटलवाल्यांचा नियम, त्यामुळे त्याला वेळ आपोआप कळत नाही, हाताने घालावी लागते. हे असलं बारीक काम मी कोणावर सोडत नाही. तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिट, सेकंद, सगळं स्वतः घातलं. वर्ष पुरं चार आकडी. मशीनला झेंडूची माळ घातली, पुढे नैवेद्याला लाल सोड्याची बाटली ठेवली, नळीसकट. बरोबर ९.०९ ला बटण दाबलं.

लायब्ररी सुरू झाली नाही.

९.१० ला पुन्हा दाबलं. तेव्हाही नाही. पण तोवर मुहूर्त टळला होता, त्यामुळे ते धरायचं नाही.

पडद्यावर संदेश आला: ‘क्षमस्व. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ संदेश सुरेख आहे. मीच लिहिलाय. लायब्ररी काहीतरी इंग्रजीत पाच ओळींची कटकट करते, ती मी आत गिळून टाकतो आणि बाहेर हे एक वाक्य दाखवतो. इथे वयाने मोठ्या माणसाला सगळे पी म्हणतात, तशी ऑय म्हणाली, पी देच, ती मूळची कटकट एकदा बघता येईल का? मी म्हणालो, खिडकीवर आजारी माणसं उभी असतात, त्यांना इंग्रजी शिव्या दाखवायच्या? तिने हळूच विचारलं, मशीनमध्ये वर्ष कुठलं घातलंत? मी म्हणालो, चालू आहे ते.

ही बाई चार वर्षांपूर्वी शाळेत गणित शिकवायची. प्रश्न विचारायची खोड जात नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लोय क्राथोंग, पाण्यात दिवे सोडायचा सण. संध्याकाळी बायकोबरोबर, जुरीबरोबर, तलावावर गेलो. केळीच्या पानाची होडी, मेणबत्ती, उदबत्ती. सगळी जोडपी आपापली पीडा पाण्यात सोडत होती, मी एरर सोडली. जुरी म्हणाली, आपल्या दोघांच्या नावाने सोडताय की त्या मशीनच्या? वर म्हणाली, मशीनच्या नावाने असेल तर मी हात लावत नाही, तुमचं तुम्ही ढकला. ढकलली. होडी गोल फिरून काठाला परत आली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एरर आहे तशीच.

ऑयने टेबलावर घडी घातलेली चिठ्ठी ठेवली, हात जोडले आणि गेली. जेवणाची यादी असणार. गुरुवारी सगळे मिळून भाजलेली कोंबडी आणि चिकट भात मागवतात. मला सध्या जेवणात रस नाही. चिठ्ठी न उघडता ह्या वहीत खूण म्हणून घातली. कागद बरा जाड आहे.

दुपारी जेवण आलं. माझी कोंबडी नव्हती. विचारलं तर म्हणे, पी, तुम्ही सांगितलंच नाही. बघा ही माणसं. बावीस वर्षं एकाच टेबलावर जेवतो आणि ह्यांना मी सांगायला हवं.

सोमवार, १० नोव्हेंबर

निश्चय. एक, कॉफी बंद. दोन, कोणावर ओरडायचं नाही. तीन, लायब्ररी मुळापासून काढून पुन्हा घालायची.

तिसरा निश्चय पाच वेळा पाळला. पहिले दोन साडेदहापर्यंत टिकले.

गंमत अशी की ऑयच्या टेबलावरच्या मशीनवर तीच लायब्ररी एका झटक्यात सुरू होते. तिने मला बोलावून दाखवलंही, चेहरा अगदी गरीब करून. मी तिला समजावलं की तिचं मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे, लाडावलेलं आहे, तिथे काहीही चालेल. खरी परीक्षा हॉस्पिटलच्या मशीनवर. ती म्हणाली, हो पी, फरक तेवढाच आहे, इंटरनेटवरून त्याला बरंच काही कळतं. आणि माझ्याकडे बघत राहिली. तारीफ व्हावी असं वाटत असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मशीनच खराब आहे. साहेबांकडे जाऊन आवाज चढवला, नवं मशीन मिळवलं. नव्यालाही वेळ मीच घातली, नव्यालाही माळ, नव्यालाही सोडा. ९.०९.

क्षमस्व. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

आता ते वाक्य मला आवडत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्घाटनासाठी रेशमी शर्ट शिवायला टाकला. जांभळा. फोटोत प्रमुख माणूस ओळखू यायला हवा.

साहेबांनी आज विचारलं, काय पी देच, कुठवर आलं? मी म्हणालो, दोष कुठे नाही ते सगळं शोधून झालंय. ते हसले. आपल्याकडे साहेब हसले की समजावं, राग गळ्यापर्यंत आलाय. म्हणाले, ऑयला सोबत घ्या ना जरा. जरा! माझ्या डोक्यावर आता ही मिरे वाटणार.

तरी घेतलं. माणसाने मन मोठं ठेवावं. तिने खुर्ची ओढली, मशीनकडे बघितलं, मग माळेकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, पी, ह्याला वेळ कोण देतं? मी म्हणालो, भन्तेंनी दिलीय. ती म्हणाली, हो, हो, बरोबर. आणि पाच मिनिटांनी पाणी प्यायला गेली ती आलीच नाही. ही ह्यांची मदत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सत्य सापडलं. दोष लायब्ररीचाच आहे.

तर्क साधा आहे. मशीन बदललं, दोष राहिला. वायर बदलली, दोष राहिला. माझ्यात दोष असता तर बावीस वर्षांत कोणाच्या तरी लक्षात आला असता. राहिलं कोण?

लायब्ररी बनवणाऱ्या परदेशी कंपनीला सहा पानांचं पत्र लिहिलं. इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे आमच्या जिल्ह्यातील रुग्णांना औषध मिळणार नाही’ हे वाक्य जाड अक्षरांत. प्रोग्रॅमने पहिल्या दिवसापासून केलेल्या सगळ्या नोंदी पुरावा म्हणून जोडल्या, तारीखवार. प्रत साहेबांना, हॉस्पिटलच्या डायरेक्टरांना, विभागातल्या सगळ्यांना. एकूण एकोणीस जण. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पत्र जाण्याआधी ऑय धावत आली. पी, एक दिवस थांबाल का, मला त्या नोंदी एकदा बघू द्या, किंवा प्रत तरी कोणाला पाठवू नका. चेहरा पडला होता तिचा. खुर्ची हातची चाललीय हे कळलं असणार. मी तिच्यासमोर बटण दाबलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शर्ट आला. पोटावर थोडा ओढतो, पण फोटो छातीपर्यंतच काढतात. जुरी म्हणाली, दिवाणखान्याच्या पडद्यासारखा दिसतो. तिला कळत नाही. जानेवारीत कळेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

दहा वाजता मीटिंग. हॉस्पिटलचे डायरेक्टर स्वतः आलेले, दोन नर्सही. साहेब म्हणाले, कंपनीचं उत्तर सकाळीच आलंय, आपण नंतर शांतपणे बघू. मी म्हणालो, नंतर का? सगळ्यांसमोर उघडा. मोठ्या पडद्यावर उघडा. मीच म्हणालो. दोनदा म्हणालो.

सहा पानांना चार ओळींचं उत्तर होतं. सविस्तर पत्राबद्दल आभार. तुम्ही पाठवलेल्या नोंदींवरून दिसतं की तुमच्या मशीनमध्ये वर्ष २५६८ घातलेलं आहे. आमच्या लायब्ररीचं प्रमाणपत्र २०२७ पर्यंत चालतं, म्हणजे तुमच्या मशीनच्या हिशेबाने ते संपून पाचशे एक्केचाळीस वर्षं झाली. हाच मजकूर लायब्ररी दर वेळी पडद्यावर लिहिते, कृपया तो वाचावा.

तो मजकूर म्हणजे ती पाच ओळींची कटकट. मी गिळलेली.

कोणी हसलं नाही. डायरेक्टर आपल्या चहाच्या कपात बघत होते. एक नर्स दुसरीला म्हणाली, आज एसी छान गार आहे. साहेबांनी ऑयकडे बघितलं. ती उठली, मशीनपाशी गेली, माळ हलक्या हाताने बाजूला केली, वर्ष बदललं. लायब्ररी सुरू झाली. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती, मुहूर्त वगैरे काही नाही.

मी टाळ्या वाजवल्या. चौथ्यांदा.

एखादा ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि बरं वाटलं असतं. पण सगळे इतके नीट वागले. जेवायला मला कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा दिला. न मागता.

सोमवार, १ डिसेंबर

उद्घाटन. शर्ट घातला, दुसरा होताच कुठे इस्त्रीचा. फीत कापताना कात्रीचं तबक धरायला माणूस हवा होता. साहेब म्हणाले, पी देच आपले सगळ्यात जुने. धरलं. फोटोत मधोमध ऑय, साध्या पांढऱ्या शर्टात. मी कडेला, तबक आणि जांभळा हात.

खिडकीवर पहिल्या आजीबाई आल्या, नाव सांगितलं, औषध घेतलं, गेल्या. अर्धं मिनिट लागलं असेल. त्यांच्यासाठीच हे सगळं होतं, महिनाभर माझ्या डोक्यात त्या एकदाही आल्या नव्हत्या.

मंगळवार, २ डिसेंबर

जानेवारीपासून ऑय विभागप्रमुख. कागद फिरला, मीही सही केली.

तिने मला कामही दिलं. खाली बघत, दोन्ही हात जोडून. पी, तुम्हाला सवड असेल तरच हं, इमारतीत सदतीस मशीन्स आहेत, सगळ्यांची घड्याळं एकदा बघाल का? तुमच्याइतकं काळजीपूर्वक दुसरं कोणी करणार नाही. टोमणा आहे का म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

टेबलाशी येऊन ही वही उघडली. मनाशी ठरवलं होतं की इथे एकदा स्पष्ट लिहून टाकायचं: ह्या बाईला पहिल्यापासून कळलं होतं, तोंड उघडलं नाही, मला मुद्दाम पडू दिलं, खुर्चीसाठी. लिहायला सुरुवात करणार तोच खुणेची चिठ्ठी खाली पडली. महिनाभर रोज हाताखालून गेली असेल. घडी उघडली.

‘पी देच, सगळ्यांसमोर विचारणं बरं दिसलं नाही म्हणून लिहिते. मशीनमध्ये वर्ष २०२५ हवं, लायब्ररीला आपलं वर्ष समजत नाही. कोणी यायच्या आत बदलून टाका, मी कोणाला बोलणार नाही. श्रेय तुमचंच. रागावू नका. ऑय. ६ नोव्हेंबर २५६८.’

मागच्या बाजूला खरंच जेवणाचं होतं. एक ओळ. तुमची कोंबडी सांगू का?

मला लाज वाटली. लिहितो, कारण दुसरं कोणी वाचणार नाही. वाटली, आणि अजून वाटते आहे.

चिठ्ठी पुन्हा घडी करून वहीत ठेवली. उद्या सकाळी तळमजल्यापासून सुरुवात करायची आहे, तिथे नऊ मशीन्स आहेत.