लांब दोरी कापली

प्रिय चिमणे,

आधीच सांगतो, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. माझं अक्षर बघून तू दचकली असशील, कारण या घरातून तुला पत्र जातं ते तुझ्या वहिनीचं. आज मीच लिहायला बसलोय. ती समोर लसूण सोलतेय आणि मधूनमधून विचारतेय, पत्र लिहिताय की अर्ज.

नदी आहे तशीच आहे. लांब दोरीचं एक टोक अजून त्याच झाडाच्या मुळाला, दुसरं पलीकडच्या खुंटाला. तू होतीस तेव्हा चाळीस गळ होते, आता साठ आहेत. दीड-दीड हातावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीला एक गळ, आणि दोरी तळाशी राहावी म्हणून दगड. गळाला गांडूळ ओवताना मला अजून किळस येते, हे बाहेर कुठे बोलू नकोस. तू सासरी गेल्यापासून सकाळी नावेत वहिनीच येते. दोरी हातांनी उचलत काठापासून काठापर्यंत जायचं, मासा काढायचा, गांडूळ लावायचं, पुढे सरकायचं. सुरुवातीला ती नावेत उभी राहायला घाबरायची, आता मलाच अक्कल शिकवते.

परवा गारठा होता म्हणून मी तिला माझा जुना स्वेटर घालायला दिला. बाह्या चांगल्याच ढगळ. दोरीवर हात टाकण्याआधी बाह्या कोपराच्या वर, हे तुला मी कान पिळून शिकवलं होतं, आणि बायकोच्या वेळी विसरलो. नदीच्या मधोमध तिच्या हातून दोरी निसटली आणि एक गळ बाहीत घुसला. पुढच्या कुठल्यातरी गळाला मोठं धूड लागलं होतं, त्याने तेवढ्यात ओढ घेतली. नाव एकीकडे, दोरी दुसरीकडे, आणि ही कमरेपर्यंत नावेबाहेर, तोंड पाण्यात. ओरडायलाही तिला सवड मिळाली नाही. सुरी माझ्या हातात कधी आली ते मला कळलं नाही. दोरी तुटली तसं मी तिला मागे खेचलं. मनगटावर एक ओरखडा आणि नाकातोंडात पाणी, बाकी काही नाही. ती खोकत होती आणि हा एवढा मोठा बाप्या नावेत बसून ढसाढसा रडत होता. मग तिने वाहून जाणाऱ्या दोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तर लांब दोरीच कापलीत!"

अकरा वर्षांपूर्वी मी असाच गळात अडकून पाण्याखाली गेलो, तेव्हा तूही लांब दोरीच कापली होतीस. मी पाण्यातून वर आलो आणि श्वास घेण्याआधी तुझ्यावर खेकसलो, की आखूड दोरी कापायची, एका गळासाठी अख्खी दोरी घालवलीस! एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती गोष्ट मीठमसाला लावून गावभर सांगितली, तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्यांनाही सांगितली. सगळे हसले. तूही हसलीस. नंतर तू दोरीला हात लावला नाहीस, आणि माहेरी आलीस तरी दुसऱ्या दिवशी तुला निघायची घाई.

चिमणे, तेव्हा आखूड दोरी शोधायला वेळ नव्हता. हे मला परवा कळलेलं नाही, त्याच दिवशी माहीत होतं. "मी सुटणारच होतो," असं मी सगळ्यांना सांगत आलो, ते साफ खोटं होतं. माझ्या पोटात पाणी गेलं होतं, हातपाय मारायचेही थांबले होते. मी बुडत होतो आणि तू मला वाचवलंस. धाकट्या बहिणीने वाचवलं हे माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून तुला वेडी ठरवलं. माझं चुकलं. तू सुतळीने नावेच्या फळीला बांधलेली सुरी मी कधी काढली नाही, सुतळी कुजली की गुपचूप नवी बांधायचो. परवा तीच हाताला लागली. म्हणजे वहिनीलाही तूच वाचवलंस. हे लिहून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरला बघ. आता नवी दोरी करायची आहे, आणि तुझी वहिनी म्हणते, दुसरं टोक धरायला नणंद आल्याशिवाय मी हात लावणार नाही. ये. या वेळी चार दिवस राहा.

तुझाच,
बाह्या दुमडून बसलेला दादा