सुटी काडतुसं कुठे ठेवावीत?

क्रौडर्स मिल, व्हर्जिनिया
१४ डिसेंबर

आदरणीय अर्लीनताई,

धाकट्या थर्मनचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा रक्तदाब आणि तुमची ती उर्मट मांजर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. डोरीनचा खोकला गेला, माझा आला. चर्चमधल्या बायका तुझी आठवण काढतात; तू ओहायोला गेल्यापासून कोबीच्या कोशिंबिरीत साखर कोणी घालायची यावरून तिथे दोन तट पडले आहेत. मी दोन्ही तटांपुढे भाषण केलं. आता तीन तट आहेत.

पत्रास कारण असं काही नाही. सख्ख्या बहिणीला पत्र लिहायला कारण लागतं असं मानणाऱ्या संस्कृतीचा मी जाहीर निषेध करतो. पण या हंगामात माझ्यावर जे गुदरलं ते हॅस्केल क्रौडरच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी (तो तुझ्या नणंदेला दर रविवारी फोन करतो, मला ठाऊक आहे) माझ्या तोंडून पोचावं, एवढीच इच्छा.

आपल्या शिकारी क्लबाचा नियम तुला आठवत असेलच. हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, तर दुपारी स्ट्यूच्या काहिलीपाशी सगळ्यांसमोर शर्टाचं शेपूट कापतात आणि नाव-तारीख घालून क्लबाच्या भिंतीवर ठोकतात. एका हंगामात तीन शेपटं गेली की शिकारीची जागाही जाते. माझी जागा सात नंबरची, ओढ्याकाठच्या गोंदाच्या झाडाखालची. बाबा तिथे एकतीस वर्षं उभे राहिले आणि त्यांच्यानंतर मी नऊ. ती गेली तर मला डांबरी रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी उभं करतील, आणि सातवर येईल विलार्ड टन्स्टॉल, जो उभ्या आयुष्यात ओठ न हलवता एक पान वाचू शकलेला नाही.

पहिलं शेपूट गेलं थँक्सगिव्हिंगच्या आधल्या शनिवारी. कुत्र्यांनी एक नर माझ्यासमोर आणून उभा केला. कायद्याने बंदुकीत तीनच काडतुसं भरता येतात, ती तिन्ही मी अत्यंत निष्ठेने झाडली. हरीण थांबलं आणि माझ्याकडे पाहत राहिलं. मी खिशात हात घातला, चौथं काडतूस बंदुकीच्या पोटात सारलं, नळीखालचा पंप मागेपुढे केला, आणि बंदूक अडकली. अडकणारच. ते काडतूस नव्हतं, पेपरमिंटच्या गोळ्यांची नळी होती. (थंडीत बोटं बधिर झालेली; लांबी-जाडी दोहोंची सारखी. कोणाही विचारी माणसाकडून हे घडू शकतं.) विलार्ड जेवताना सगळ्यांना सांगत होता, "थर्मनने हरणाला मारलं नाही, पण त्याच्या तोंडाला वास छान सुटला असता."

तेव्हा मी ठरवलं, की सुटी काडतुसं खिशात ठेवणं हे मागासपण आहे. काडतूस बंदुकीवरच पाहिजे, हाताशी. माणसाने चाक शोधलं, छापखाना शोधला, आणि अजून आम्ही खिसे चाचपतो? तडक बकनरच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. तिथे काडतुसं अडकवायची एक वेल्क्रोवाली पट्टी होती, ती बंदुकीवरून ओढून काढली तर असा टर्रकन आवाज झाला, की दुकानातल्या चारही गिऱ्हाइकांनी आपापल्या विजारी चाचपल्या. हरीण हा आवाज शेजारच्या परगण्यातून ऐकेल. म्हणून मी बंदुकीच्या दस्त्यावर चढवायचा लवचिक मोजा घेतला. काडतुसं ठेवायला त्याच्या उजव्या बाजूला पाच घरं.

आता तू हसशील. मी डावरा आहे, बाबांसारखाच. जगातल्या सगळ्या वस्तू उजव्यांनी उजव्यांसाठी केल्या आहेत, यावर मी ग्रंथालयात पाऊण तास बोललोही आहे. तरीही तो मोजा घेताना मला हे सुचलं नाही, की डावऱ्याचा गाल दस्त्याच्या नेमक्या उजव्या बाजूला टेकतो. हरीण आलं, मी गाल टेकला, चाप ओढला आणि बंदुकीच्या धक्क्याने काडतुसांच्या पितळी बुडांनी माझा गाल दाबून काढला. हरीण गेलं, दुसरं शेपूटही गेलं. रविवारी चर्चमध्ये गालावर तीन गोल वळ घेऊन बसलो. पाद्रीबाबांनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" डोरीन अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तरी मी डगमगलो नाही. अपयश हे विचाराचं नसतं, साधनाचं असतं. या वेळी अॅल्युमिनियमची पट्टी आणली. ती बंदुकीच्या कुशीला दोन आरपार स्क्रूंनी बसते आणि सहा काडतुसं ऐटीत उभी राहतात. बकनर म्हणाला, स्क्रू बेताने आवळ. आता "बेताने" हा शब्द ज्यांनी शोधला त्यांनीच जगातल्या सगळ्या चांगल्या चळवळी बुडवल्या, असं माझं मत आहे. मी पान्याला नळी लावून, पाय भिंतीला टेकवून आवळले.

काल शनिवारी कुत्री सोडल्याचा भोंगा झाला. कुत्री सुटल्याशिवाय नळीत काडतूस घ्यायचं नाही हा आपला नियम, म्हणून मी तेव्हा कुठे पंप मागे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. गुडघ्यात धरून ओढला. इतक्यात ओढ्यातून दहा टोकांच्या शिंगांचा नर वर आला, ताई. बाबांनीही सातवर असा पाहिला नसेल. तो तिथे उभा राहून माझी झटापट पाहत होता, कुत्सितपणे वगैरे नव्हे, आस्थेने. मग कुत्री आली आणि तो नाइलाजाने गेला.

दुपारी क्लबाचा अध्यक्ष या नात्याने हॅस्केल बायकोची कापड कापायची कात्री घेऊन आला. "थर्मन, शर्ट बाहेर काढ."

मी काहिलीजवळच्या ओंडक्यावर चढलो. सॉक्रेटिसने अथेन्सच्या पंचांपुढे काय सांगितलं तिथून सुरुवात केली. गोळी सुटलीच नाही तर नेम चुकला कसा? कृतीशिवाय अपराध कसा? विषाच्या पेल्यापासून रोमन कायद्यापर्यंत मी बावीस मिनिटं बोललो. स्ट्यू खाली लागला. शेवटी विलार्ड म्हणाला, "हरीण आलं का? आलं. गेलं का? गेलं. मग कात्री चालवा, भूक लागलीय." हे याचं तर्कशास्त्र!

मतं घेतली. पाच तिकडे, पाच इकडे. हॅस्केलने निकाल दिला: अर्धं शेपूट. तेही त्याने टेप लावून मोजून कापलं. मग माझी बंदूक घेतली, दोन्ही स्क्रू अर्धा वेढा सैल केले, आणि पंप लोण्यासारखा सरकला. "कुशीच दाबून धरली होतीस तिची," तो म्हणाला. "हे स्क्रू आहेत, थर्मन, मुद्दे नव्हेत. इतके पिळायचे नसतात."

हे मनाला लागलं, म्हणून आज सकाळी मी ते आणखी सैल केले. बंदूक घेऊन ओढ्यापर्यंत चाललो तर पट्टी घुंगरासारखी वाजत होती, आणि सातवर पोचेपर्यंत एक स्क्रू कुठेतरी पडला होता. डोरीन म्हणाली, "तुला मधलं काही जमतच नाही का रे?"

असो. नाताळाचे दोन शनिवार क्लब बंद, म्हणजे हंगामाचा एकच शनिवार उरला आहे, तीन जानेवारी. माझं अर्धं शेपूट शिल्लक आहे. पण पराभवाने माझी मतं बदलत नाहीत, हे तू जाणतेसच. भावजींना नमस्कार, मांजरीला ताकीद.

तुझा भाऊ,
थर्मन गिलियम

ता. क. – नाताळासाठी डुकराची खारवलेली मांडी वेगळ्या टपालाने पाठवली आहे. दोन दिवस पाण्यात भिजत घाल, नाहीतर भावजींच्या रक्तदाबाचं पाप माझ्या माथी येईल.

ता. क. २ – डोरीनने पत्र वाचलं. म्हणते, दोन ओळींचं काम होतं, तेवढं सोडून सगळं लिहिलंस. तर लिहितो. बाबा गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपण त्यांच्या वस्तू वाटून घेतल्या, तेव्हा त्यांच्या काडतुसांच्या चामडी कमरपट्ट्यावर हात ठेवून तू मला दोनदा विचारलंस, "नक्की नको?" त्यावर मी भूतकाळाच्या बेड्या या विषयावर जे बोललो, ते सगळं मागे घेतो. तो तुमच्या शेकोटीवर लटकतो आणि त्याच्या घरांत तू वाळलेली फुलं खोचली आहेस, हे मला माहीत आहे. फुलं काढून पाठवशील? तीन तारखेच्या आत. हंगाम संपला की परत करीन. बहुतेक.

ता. क. ३ – बक्कलापासून तिसरं घर दोऱ्याने आवळून अरुंद केलेलं आहे. ते फाटलंय समजून उसवू नकोस. त्यात काडतूस बसत नाही. बाबा त्यात पेपरमिंट ठेवायचे.