आत्या लेकीकडे निघण्यापूर्वी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग तूर्त कागदावरच मानून घे. माझं काम जमिनीवर बसून करायचं असल्यामुळे हल्ली खाली जाणं जमतं, पण वर येताना टेबल, खुर्ची किंवा एखादा सहृदय माणूस लागतो.) आतोबांची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते करतात, की डॉक्टरांनाच करून दाखवायला लावतात? तू बरी असशीलच. तुला बरं नसलं की साऱ्या गोतावळ्याला तासाभरात कळतं. आणि मुख्य म्हणजे, आजी झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन! फोटो पाहिला. नाक तुझ्यावर गेलंय. (काळजी करू नकोस, वाढत्या वयात नाकं बदलतात.)

मागच्या भेटीत तू शेजारच्या वहिनींना माझी ओळख "बाळांचा डॉक्टर" अशी करून दिलीस आणि त्यांनी तिथल्या तिथे नातवाचं दुपटं सोडून मला पुरळ दाखवलं. मी म्हणालो, मी मनाचं बघतो. तर म्हणाल्या, "त्याच्या मनात काही नाही हो, पुरळच आहे." तेव्हापासून तुला एकदा सविस्तर लिहायचं डोक्यात होतं. मूल झालं की घरातले सगळे बाळाकडे बघतात, आणि आई किंवा बाप आतून खचत चाललाय हे पुष्कळदा कुणाच्या ध्यानातच येत नाही. कुणाचं रडू थांबत नाही, कुणाला स्वतःचंच मूल परक्याचं वाटू लागतं. अशांच्या घरी मी जातो, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसतो, आईबापांचं नि बाळाचं एकमेकांशी कसं चाललंय ते बघतो, आणि मग बोलतो, ऐकतो. आतोबांनी विचारलं होतं, "नुसतं बघायला शिकवणारं कॉलेज असतं?" असतं. आणि त्यात नापासही होता येतं, हे पुढे वाचशीलच.

गेल्या महिन्यात एका घरी गेलो. (त्या घरच्यांना विचारूनच लिहितोय. बाळाची आई म्हणाली, "खुशाल लिहा." तिची आई, म्हणजे बाळाची आजी, म्हणाल्या, "लिहा, पण मला भांडखोर दाखवू नका." नाही दाखवणार.) घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. खांद्यावर माझी पिशवी, तीत सतरंजी, खुळखुळा आणि कापडाची बाहुली. धापा टाकत वर पोचलो आणि दारावर चिकटवलेली चिठ्ठी न वाचताच बेल वाजवली. चिठ्ठीत "बेल वाजवू नये" असं लिहिलं होतं, हे मला आतून बाळाने सांगितलं.

आजींनी दार उघडलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, "आलात एकदाचे!" म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी मागोमाग. "बाळ झाल्यापासून हे असं सुरू झालंय," त्या चालता चालता सांगत होत्या, "त्याआधी एका शब्दाची तक्रार नव्हती." मी मनात म्हटलं, वा, मोकळ्या स्वभावाच्या दिसतात. विचारलं, नक्की काय होतं? "सुरुवात बरी होते. मग मध्येच थांबते. हलत नाही की बोलत नाही. आणि मग बसते पाणी गाळत." मला वाईट वाटलं. म्हणालो, असं पुष्कळ घरांत होतं, कुणी स्वतःला दोष देऊ नये. "दोष कसला? दिवसरात्र राबवून घेतल्यावर दुसरं काय होणार!" किती समजूतदार बाई, असं मी म्हणतोय तोच त्या म्हणाल्या, "मी एक दणका घालते, मग होते परत सुरू." मी जागीच थबकलो. दणका? "हो, उजव्या अंगाला. जावयांना तेवढंही जमत नाही. त्यांनी परवा मागून उघडून बघितली." आत्या, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा घाम फुटला नव्हता. तेवढ्यात त्यांनी बाथरूमचं दार ढकललं आणि समोर वॉशिंग मशीन.

इथेच मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली, माणसाच्या हातात बॅटरी आली की तो वाकून बघतोच, आणि वाकून बघितल्यावर काहीच न करणं बरं दिसेना म्हणून मी एक नळी थोडीशी फिरवली. (घरच्यांना जिथून सुरुवात करावीशी वाटते तिथूनच आपण करावी, असं आम्हाला शिकवलंय. नळी फिरवावी असं कुठेही शिकवलेलं नाही.) मग सांगितलं, मी मशीन दुरुस्त करणारा नाही, आणि मी कोण ते. आजींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मग नळी का फिरवलीत?" मी बॅटरी त्यांच्या हातात परत दिली.

शेवटी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून आम्ही बसलो. आई तरुण, बोलायला गोड, केस विंचरलेले, कपडे नीटनेटके. बघणाऱ्याला वाटावं, हिला काय झालंय? मांडीवर दोन-अडीच महिन्यांची मुलगी. आणि मागे खुर्चीत आजी. बाळाने चेहरा जरा वाकडा केला की आजी उठायच्या. आई टोपी सारखी करायला जायची, तर टोपी आधीच सारखी झालेली असायची. आई तिला खांद्याशी घ्यायला हात पुढे करायची, तर बाळ आजींच्या खांद्यावर पोचलेलं. "असं नाही गं, मान सांभाळ. वाऱ्यात नको बसू. सारखं घेऊ नकोस, सवय लागते." (हे सांगताना बाळ आजींनीच घेतलेलं होतं.) प्रत्येक वेळी आईचे दोन्ही हात अर्ध्या वाटेवरून परत येऊन मांडीवर पडायचे, आणि ती हसून म्हणायची, "आई आहे म्हणून माझं बरं चाललंय." मी त्या हातांकडेच बघत होतो.

तोच दाराखालून पाणी आलं. मी फिरवलेली नळी निघाली होती. आजी बाळ लेकीच्या मांडीवर ठेवून धावल्या, आणि बाळाने जे भोकाड पसरलं म्हणतेस! आई माझ्याकडे बाळ सरकवून म्हणाली, "तुम्हीच घ्या ना, तुम्हाला येत असेल." मी म्हणालो, मला नळ्यांतलं जेवढं कळतं तेवढंच यातलं येतं. मग ती खाली बघत, दूधवाला येऊन गेला हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली, "तिला माझं काही लागतच नाही हो. मी नसले तरी तिचं काही अडणार नाही."

आत्या, हे वाक्य ऐकून सोडून द्यायचं नसतं. मी सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नाही, म्हणाली, तसं नाही. फक्त या घरात आपण जास्तीच्या आहोत असं वाटतं. हे तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाळ रडतच होतं. मी म्हणालो, आत्ता ती काय सांगत असेल? "आईला विचारू?" असं म्हणून ती दाराकडे वळली, पण आत आजींचं बादली, पोछा आणि माझा उद्धार असं तिन्ही एकदम चाललं होतं. मग ती बाळावर वाकली आणि जिभेने टाळूला लावून हळूच आवाज केला, टक्. बाळ रडता रडता थांबलं. परत टक्. बाळाने डोळे मोठे केले, ओठांचा चंबू केला आणि दोन्ही पाय झाडले. "आई अंघोळीला गेली की आम्ही करतो हे," ती चोरी पकडल्यासारखी म्हणाली, "आई म्हणते, बाळासमोर असले आवाज काढू नयेत." एवढं बोलली आणि रडायला लागली. बाळ आपलं तिच्या तोंडाकडे बघतंय, पुढचं टक् कधी येतं म्हणून. मी जागचा हललो नाही. (यात शहाणपणा थोडा. पायाला मुंग्या आल्या होत्या आणि दात आवळून बसलो होतो.)

वर पाहतो तर दारात आजी, ओल्या पायांनी, हातात पोछा. त्या बोलायला तोंड उघडणार, असं मला वाटलं. पण तशाच स्वयंपाकघरात गेल्या.

मी भिंतीला धरून उठलो आणि त्यांच्यामागे गेलो. त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही झाली तेव्हा माझ्याजवळ कुणी नव्हतं. नवरा कामावर, आई गेलेली. ही रडायची आणि मीही रडायची. तेव्हाच ठरवलं होतं, हिच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. आता हात मागे घ्यायचे, तर मी इथे आहे कशाला?" मी म्हणालो, तुमच्या लेकीला तुम्ही हव्या आहात. बाळाचं तिला करू द्या, तुम्ही तिचं करा. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे चहा करू?" हो, म्हटलं, चहा करा. "लेकीला चहा कर, हे सांगायला एवढा शिकलेला माणूस यावा लागला होय!" आणि पातेलं आपटून त्यांनी चहा ठेवला.

लगेच सगळं गोड झालं असं मात्र नाही. ती डॉक्टरांकडेही जाते, मी दर आठवड्याला जातो, काही दिवस वाईटच जातात. नवऱ्याला तिने सांगितलं. तो बिचारा हादरला आणि आता संध्याकाळी लवकर येतो. पण आजी खुर्चीत चक्क स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसतात. फार कठीण जातं त्यांना, चेहराच सांगतो. परवा बाळ रडलं तर त्या अर्ध्या उठल्या, परत बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "तुझं ते टक् कर की."

असो. फार लांबलं. आतोबांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. तू तीन बॅगा भरून परवा लेकीकडे निघते आहेस असं कळलं. तुझी लेक मला फोनवर म्हणाली, "आईला तू काहीतरी लिही. तुझं ऐकेल. मी बोलले तर रडेल." बाळाला कसं घ्यायचं नि कसं घ्यायचं नाही, यावर तू आत्ताच तिला रोज दोनदा फोन करतेस म्हणे. तेव्हा वरची हकीगत खरी असली तरी सहज म्हणून लिहिलेली नाही, हे चाणाक्ष आत्याच्या ध्यानात आलं असेलच. मी तुला भांडखोर म्हणतोय असं आतोबांना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. माझी बायको उद्या तुमच्याच बाजूला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देतो.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तोच तुझ्या लेकीचा फोन, तुझा लागत नाही म्हणून. बाळ सकाळपासून रडतंय, तीही रडतेय. म्हणाली, "आईला परवा नको, उद्याच यायला सांग. तिला काय बोलायचं ते बोलू दे, टोप्या घालू दे, मला फक्त ती इथे हवी आहे." मी म्हणालो, सांगतो. मग फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "तू तिला काही लिहिलं नाहीस ना?" मी म्हणालो, छे, अजून कुठे! तेव्हा बॅगा दोनच घे, मिळेल त्या गाडीने निघ, आणि हे पत्र वाटेत फाडून टाक.