आडवा वारा

४ मे १९५६

ह्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा! हे माळावरच्या धावपट्टीपर्यंत खाली आले, चाकं टेकणार — आणि विमान परत वर. शेवटी लोहगावच्या विमानतळावर उतरवलं. कंपनीचे पाहुणे तिथून मोटारीने चिंचवडला आले, धुळीने माखून. मालक सोपानराव चारचौघांत म्हणाले, "लढाईत इमानं उडवली म्हनता, अन् आमच्या माळाला भ्यालात व्हय, दौलतराव?"

हे पाहुण्यांच्या बॅगा उतरवू लागले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मे

जेवताना विचारलंच — का हो वर घेता? ह्यांनी तळहात ताटावर तिरका धरून दाखवला. माळावरची पट्टी दक्षिणोत्तर, वारा पश्चिमेचा; लोहगावची पट्टी वाऱ्याच्याच दिशेत. सरळ आणलं तर वारा विमानाला पट्टीबाहेर ढकलतो. म्हणून नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून यायचं आणि टेकायच्या क्षणी सरळ करायचं. तिरकंच टेकलं तर चाकं मोडतात. सरळ करताना झोत आला तर एक पंख उचलला जातो, दुसरा जमिनीला घासतो. "नीट बसत नाहीसं वाटलं की वर घ्यायचं. त्यात लाज कसली?"

मी ताट बाजूला सारलं. तिथेच माझ्या गळ्याची शपथ घातली — आडव्या वाऱ्यात उतरायचं नाही. घेतली त्यांनी.

८ मे

वारा. दार धाडधाड आपटतंय. दूधवाल्या मंजुळाबाई म्हणाल्या, "बाई, गावात तुमच्या सायबास्नी घिरटीबुवा म्हनत्यात." दूध घेतलं आणि दार लावून टाकलं.

११ मे

मालकीण शालनबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. डाळ वाढता वाढता शालनबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "ममईस्नं नवा पायलट येतोय म्हनं. तरणाबांड हाय, भीत न्हाई. तुमचं घर त्येलाच द्यायचं." बायका पदराआड हसल्या. पन्हं तसंच ठेवून उठले.

तणतणत घरी आले. हे पेपर वाचत होते. म्हटलं, "माझी शपथ सुटली! सुटली, सुटली! एकदा उतरून दाखवा त्यांना!"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "नक्की सुटली?"

हो म्हटलं. मेली ही जीभ!

१४ मे

उतरले! धुळीचे लोट, पट्टीकडेला आम्ही सगळे. एक चाक टेकलं, विमान कलंडलं, पंख जमिनीपासून हातभर — आणि सावरलं. मालकांनी स्वतः हार घातला. नव्या पायलटला नको म्हणून तार केली. मंजुळाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

जेवताना ह्यांच्या हातून घास दोनदा खाली पडला.

१७ मे

आज पुन्हा उतरले. तसाच वारा. व्यवस्थित जेवले, भात दोनदा घेतला.

२१ मे

सकाळपासून बाभळी वाकल्यात. मी दारात आडवी उभी राहिले — आज जाऊच नका, गेलात तर लोहगावला उतरा. पाया पडते! ह्यांनी मला हळूच बाजूला केलं. म्हणाले, "वेडी आहेस. मला आता भीतीच वाटेनाशी झालीय." आणि शीळ घालत गेले.